अठरा हजार फोटोंत एक विनेश

मित्रांनो, मी हरीकाकांच्या घरचा जुना कॉम्प्युटर. अलिबागच्या पुढे, समुद्राला लागून असलेल्या नारळी-पोफळीच्या वाडीत, ओटीवरच्या टेबलावर मी चौदा वर्षं बसून आहे. खाऱ्या वाऱ्याने माझे स्क्रू गंजले, पण आतून मी अजून शाबूत आहे.

मी घरात आलो तेव्हा माझं कोण कौतुक! हरीकाका नुकतेच शाळेतून निवृत्त झाले होते. त्यांना फोटोंचं भारी वेड. आंबा मोहरला, काढ फोटो. मांजर व्यालं, काढ फोटो. कॅमेरा भरला की सगळं माझ्यात ओतायचं. नीट उतरलं की नाही अशी शंका आली, की पुन्हा ओतायचं. ‘नवीन फोटो’, ‘नवीन फोटो २’, ‘सगळे नवीन फोटो’. एकेक शेवंती माझ्या पोटात चार-चार वेळा फुलली. त्यांच्या बायकोने, श्यामलाकाकूंनी, पुसायचं म्हटलं की काका म्हणत, “असू दे गं, काय खातंय का ते?”

पण जागा तर खातच होतं. पुढे घरात मोबाईल आले आणि माझ्याकडे कुणी फिरकेना. गेल्या दिवाळीत काकांची मुलगी भार्गवी रेवसच्या लाँचने मुंबईहून आली. तिने मला सुरू केलं, तेव्हा उघडायलाच मला पाव तास लागला.

“बाबा, अठरा हजार फोटो आहेत यात! माझ्या लग्नाचे तेवढे काढून घेते आणि बाकी सगळं पुसून टाकते.”

काका जरा घुटमळले. “बरं, टाक पुसून,” म्हणाले.

त्याच वेळी मागच्या दाराने बायजा आली. ती वाडीत सुपारी गोळा करायला येते. तिचा नवरा विनेश याच वाडीत नारळ उतरवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो काविळीने गेला, तेव्हा त्यांची मुलगी प्रणाली अवघी दोन वर्षांची होती. पुढे वादळात बायजाच्या घराचं छप्पर उडालं आणि ट्रंकेतले फोटो भिजून लगदा झाले.

पुसण्याचं बोलणं तिच्या कानावर पडलं होतं. ती दारातच थबकली.

“वैनी, त्याच्यात आमच्या ह्यांचा योखादा फोटू असंल काय? पोरगी इचारते, बाबा कसा व्हता. मी काय सांगू?”

श्यामलाकाकूंनी भार्गवीकडे पाहिलं. भार्गवीने माऊसवरचा हात काढून घेतला.

मित्रांनो, तीन दिवस ते तिघं माझ्यासमोर बसले. भार्गवीने फोटो तारखेप्रमाणे लावले. एकाचे चार झालेले ओळखून तीन पुसले. विनेश हयात होता ती सगळी वर्षं चाळली. विनेश सापडे, पण माडावर! कधी पाय दिसत, कधी पाठ. चेहरा झावळ्यांत लपलेला.

“नाहीये, बाबा,” भार्गवी हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी तिला परतायचं होतं.

होता, मित्रांनो! तो कुठे आहे ते मला ठाऊक होतं. पण कुणी विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

तेवढ्यात काकूंनी पडद्यावर बोट ठेवलं. “अगो, हे २००८ सालचे फोटो कसले? तेव्हा आपल्याकडे कॅमेरा तरी होता का?”

काकांनी कपाळावर हात मारला. “सेल बदलला की तारीख मागे जायची त्याची! ती मेली मी कधी नीट लावलीच नाही!”

एक जानेवारी २००८. त्या एकाच तारखेत दोनशे बारा फोटो कोंबलेले होते. त्यातल्या एकात विनेश माडाच्या बुंध्याशी बसला होता. खांद्यावरची इवलीशी प्रणाली दोन्ही मुठींनी त्याचे केस ओढत होती आणि तो तोंडभर हसत होता.

बायजाला निरोप गेला. ती प्रणालीला घेऊन धावत आली. पोरीने पडद्याला नाक टेकेपर्यंत जवळ जाऊन पाहिलं.

“आये, बाबा हसायचा? तू कधी सांगितलंस न्हाय!”

बायजाने पदर तोंडाला लावला. “हसायचाच गो त्यो. त्याच्या दुखन्यापायी माझ्याच ध्यानातून गेलं व्हतं.”

आता दर रविवारी हरीकाका माझ्याजवळ अर्धा तास बसतात. हललेले फोटो पुसतात, उरलेल्यांना नाव आणि खरी तारीख देतात. सगळ्यांची एक प्रत त्यांनी भार्गवीकडे मुंबईला ठेवली आहे. माझी निम्मी जागा मोकळी झाली आणि मी पुन्हा झटकन उघडतो.

मित्रांनो, तुमच्या घरच्या कॉम्प्युटरवरचा पसारा जरूर आवरा, पण न पाहता पुसू नका. आणि फोटोत कोण आहे ते वेळीच लिहून ठेवा. आम्ही चेहरे जपू, पण नावं तुम्हीच सांगायला हवीत.