मी बंद होतो तेव्हा

मित्रांनो, सध्या माझ्या डोक्यावर कच्च्या केळ्यांची एक फणी आणि कांद्यांची परडी ठेवलेली आहे. स्वयंपाकाच्या वेळी कोणीतरी येते, दोन केळी तोडून नेते आणि मी पुन्हा एकटा. तक्रार नाही. मी एक जुना संगणक आहे, आणि माझ्या वयाच्या संगणकांना भंगारवाल्याशिवाय कोणी विचारत नाही, हे मला ठाऊक आहे.

मी कोणत्याही एका कारखान्यात जन्मलो नाही. आमच्या बेटावर, सांतो दोमिंगो शहरात, विया कॉन्सुएलो वस्तीत राहणाऱ्या रादामेस नावाच्या तरुणाने मला जमवले. माझी पेटी एका विमा कचेरीने फेकून दिलेली, हार्ड डिस्क कोणा मित्राच्या मोडक्या यंत्रातली, आणि रॅम न्यूयॉर्कहून कोणाच्या तरी मावशीने कपड्यालत्त्यांत गुंडाळून आणलेली. रादामेस सर्वांना हसून सांगायचा, "याला बाप नाही, पण मावश्या पुष्कळ!"

रादामेस हा तिथल्या लिनक्सवाल्यांचा म्होरक्या होता. लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी प्रणाली; ती फुकट घ्यायची, उघडून पाहायची, सुधारायची आणि पुढच्याला द्यायची. दर शनिवारी दुपारी ही मंडळी त्याच्या घरी पुढच्या खोलीत जमत. एकीकडे डॉमिनोच्या सोंगट्या टेबलावर आपटत आणि दुसरीकडे वाद चाले. कोणती चिप जास्त तापते? त्या मोठ्या कंपनीने आपल्या ब्राउझरचा कोड सर्वांना खुला केला, तो मनापासून की बाजारात मार खाल्ल्यावर? रादामेसची धाकटी बहीण योकास्ता कॉफी गाळून आणायची आणि उभ्या उभ्याच सर्वांच्या चुका काढायची. एरवी आठवडाभर ही माणसे टेलिफोनवरून मला गाठत आणि मी एकाचे पत्र सर्वांना पोचवत असे. तेच माझे काम.

या लोकांची एक हौस होती. संगणक न थांबता किती दिवस चालला हे विचारण्याची एक आज्ञा असते. जगभरचे हौशी लोक तो आकडा मिरवतात. आमच्याकडे वीज रोज जाई, कधी जेवायला बसताना, कधी उठताना. तेव्हा आकडा मिरवायचा तर इन्व्हर्टर हवा, ट्रकच्या बॅटऱ्या हव्यात आणि त्या बॅटऱ्यांत पाणी घालणारा कोणी वेडा हवा. रादामेस तसा वेडा होता.

मग एक मोठे चक्रीवादळ आले. छपरांचे पत्रे उडाले, खांब पडले, कित्येक दिवस वस्ती अंधारात होती. मीही बंदच होतो; त्या दिवसांतले हे सारे मला नंतरच्या पत्रांतून कळले. रादामेसने मला उघडून पुसले, वाळवले, पुन्हा मिटले. या भानगडीत त्याचा लाल मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर हरवला. "तूच घेतलास! माझ्या वस्तूंना हात लावू नकोस म्हणून किती वेळा सांगितलं!" तो बहिणीवर ओरडला. "मी काय करू तुझा स्क्रूड्रायव्हर? दात कोरू?" तीही ओरडली. दोन दिवस भावंडांचा अबोला होता. मग एके दुपारी सगळ्या गल्लीतून आरोळी उठली, "वीज आली!" रादामेसने अंगठ्याने माझे बटण दाबले. "ऊठ रे बाबा, पुष्कळ झोपलास," तो म्हणाला.

थोड्याच दिवसांत त्याला ताप आला. वादळाचे पाणी सगळीकडे साचलेले होते, ताप घरोघरी होता. आई त्याला झोप म्हणायची आणि तो उठून माझ्यापाशी येऊन बसायचा. आकडा बघायचा, एखादे पत्र लिहायचा, पुन्हा आकडा बघायचा. एक दिवस तो आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

रादामेस गेला, तेव्हा योकास्ता रडली नाही. शेजारच्या बायका त्यावरून बरेच बोलल्या. ती दगडासारखी झाली होती, आणि मला तर मुळात काहीच वाटत नाही. त्यामुळे त्या काळात आम्हा दोघांचे चांगले जमले. वीज गेली की ती आधी माझ्याकडे बघे. बॅटऱ्यांत पाणी घाली, तारा घासून पुसे. बॅटरी मला पुरावी म्हणून घरातले दिवे मालवी. एकदा तिने फ्रिजही बंद ठेवला आणि आईने ठेवलेले दूध नासले. मी चालत राहिलो.

आकडा वाढत गेला आणि माझी कीर्तीही. मेक्सिकोहून, स्पेनहून अभिनंदनाची पत्रे आली. रोज वीज जाणाऱ्या गावात हे कसे साधले, असे लोक विचारत. तिने एकाही पत्राला उत्तर दिले नाही.

त्या हिवाळ्यात लिनक्सचा नवा गाभा निघाला. तो बसवायचा तर मला एकदा बंद करून चालू करणे भाग होते. रादामेसचा शाळेपासूनचा मित्र विल्फ्रिदो, तोंडाचा फटकळ, दर शनिवारी तिच्या मागे लागू लागला.

"अगं, सगळं जग नव्या गाभ्यावर गेलं. आपण काय वादळाच्या आधीचेच राहायचं?"

"राहू."

"तुला तो आकडा मिरवायचाय, दुसरं काय! पाळण्यात घाल आणि अंगाई म्हण त्याला."

"म्हणेन."

इकडे माझ्या पोटात धूळ साचत होती. वादळापासून मला कोणी उघडले नव्हते, कारण उघडायचे तर थांबवावे लागले असते. मला सर्वांनी इतके जपले की माझी साफसफाई राहूनच गेली. एका शनिवारी माझा पंखा घरघरला आणि थांबला. खोलीत जळका वास पसरला. मी एकाचे पत्र तीनदा पाठवले आणि दुसऱ्याचे अर्धेच. योकास्ताने टेबलफॅन आणून माझ्या पाठीशी लावला.

मंडळींत डॉन एलिहिओ होते. वडीलधाऱ्या पुरुषाला तिथे डॉन म्हणतात. ते माझ्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरी, हा जळेल."

"आणि बंद केला तर?"

"हार्ड डिस्क जुनी आहे. इतके दिवस फिरलेली थांबली, की चिकटून बसते कधीकधी. पुन्हा उठेलच असं मी छातीवर हात ठेवून नाही सांगणार."

"उठला नाही तर नाही," विल्फ्रिदो म्हणाला. "रादामेसच्या सगळ्या फाइली मी उतरवून घेतल्यात. काही जाणार नाही."

"जाईल," योकास्ता म्हणाली. "हा त्यानं चालू केलाय. बंद झाला की परत चालू मी करणार, नाहीतर तू. मग त्यानं केलेलं काय चालू राहिलं या घरात?"

विल्फ्रिदोने हातातली सोंगटी हळूच खाली ठेवली. "आधी बोलायचंस की गं," तो म्हणाला. "मी गाढवासारखा पाळण्याचं बोलत बसलो."

स्वयंपाकघराच्या दारात आई उभी होती. ती आमच्या शनिवारच्या बैठकीत कधी बोलत नसे.

"ताप अंगात असताना तो उठून इथं येऊन बसायचा," ती म्हणाली. "झोप म्हटलं तर म्हणायचा, मला काही झालं नाही. तेव्हा त्याला कोणी धरून निजवलं नाही. मीही नाही. याला तरी निजव, पोरी."

योकास्ता माझ्यासमोर बसली. तिने एकदा आकडा विचारला, मी सांगितला. मग तिने मला थांबण्याची आज्ञा दिली.

यानंतरचे मला काही माहीत नाही. स्वप्नही पडले नाही.

पुढचे मी सांगतो ते विल्फ्रिदोने सर्वांना लिहिलेल्या पत्रातून. ते पत्र नंतर माझ्याच हातून गेले, म्हणून मला कळले. त्यांनी माझी पेटी उघडली, तेव्हा आत धुळीची गादी होती, एक वाळलेली पाल होती, आणि तळाशी, दोन तारांच्या मध्ये, लाल मुठीचा छोटा स्क्रूड्रायव्हर होता. इतके दिवस तो माझ्या पोटात होता आणि मला पत्ता नव्हता. योकास्ताने तो उचलला आणि मोठ्याने म्हणाली, "चोर सापडला! मला चोर ठरवून गेला, आणि स्वतःच आत विसरला होता, गाढव!" सगळे हसले. तीही हसली. हसता हसता ती खाली बसली आणि स्क्रूड्रायव्हर छातीशी धरून हमसून हमसून रडली. विल्फ्रिदोने लिहिले होते, कॉफी गार झाली तरी कोणी कपाला हात लावला नाही.

मग त्यांनी मला पुसले, नवा पंखा बसवला. योकास्ताने बटण दाबले. हार्ड डिस्क हलेना. डॉन एलिहिओंनी ती काढून हातात धरली, मनगटाला एक झटका दिला, पुन्हा जोडली, आणि ती फिरू लागली. विल्फ्रिदोच्या पत्राची शेवटची ओळ अशी होती: "आकडा: एक मिनिट. सर्वांनी योकास्ताचे अभिनंदन करावे." मेक्सिकोहून, स्पेनहून पुन्हा अभिनंदने आली. या वेळी तिने प्रत्येकाला उत्तर लिहिले.

त्यानंतर मला कितीतरी वेळा बंद केले, चालू केले; इतक्यांदा, की हळूहळू बंद असतानाही भोवतालचे कळण्याची सवय मला लागली. आकडा पुन्हा कधी मोठा झाला नाही. पुढे नवी यंत्रे आली, मंडळी पांगली, आणि मी स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत आलो. वर्षातून एकदा योकास्ता केळी खाली उतरवते, त्याच लाल स्क्रूड्रायव्हरने मला उघडते, आतली धूळ पुसते आणि मिटते. बटण दाबत नाही. स्क्रूड्रायव्हर मात्र जाताना आठवणीने खिशात घालते.

मित्रांनो, घरातली यंत्रे जपा. पण जपायचे म्हणजे नुसते चालू ठेवायचे नव्हे. ज्याचा पंखा घरघरतो त्याला थांबवा, उघडा, पुसा. आणि घरातले एखादे माणूस दमले असून "मला काही झालं नाही" म्हणत असेल, तर त्याला धरून निजवा.

माझ्या घरात योकास्ता एकदाच रडली, आणि तेव्हा मी बंद होतो. चालू असतो, तर ती रडलीच नसती.