परातीतले किडे

दर गुरुवारी सकाळी मखमलाबाद शिवारातल्या चिंचेखाली शे-दीडशे माणसं जमत. कुणाचं डोकं फडक्याने आवळलेलं, कुणाच्या डोळ्यांना चिपडं, कुणाची दाढ सुजलेली. मधोमध धुरीनाथ महाराज बसत. समोर पाण्याने भरलेली पितळी परात, परातीत वीट आणि विटेवर लाल तापवलेलं कौल. महाराज त्यावर तेलात कालवलेली चिमूटभर ‘दिव्य औषधी’ टाकत आणि बुडाला भोक पाडलेलं मडकं वरून पालथं घालत. रोग्याने त्या भोकाला नाक लावायचं. वरून घोंगडी. आत धूर, ठसका, नाकाडोळ्यांना धारा. मग घोंगडी निघे, मडकं उचललं जाई, आणि परातीतल्या पाण्यावर पांढरे, बारीक, वाकडे किडे तरंगताना दिसत. गर्दी शहारायची आणि हात जोडायची.

“मेंदू पोखरणारी जात आहे ही,” महाराज सांगत. “एक्स-रेत दिसत नाही, कारण यंत्राला भक्ती नसते.”

हे वाक्य मंगलाबाईंनाही तेव्हा पटलं होतं.

ही १९९८च्या फेब्रुवारीतली गोष्ट. मंगलाबाई आणि त्यांचे यजमान पुंजाराम वांगी, टोमॅटोची रोपं तयार करून विकत. त्यांची स्नेहल दहावीला होती. दिवाळीनंतर तिला झालेली सर्दी हटलीच नव्हती. नाकातून पिवळा, घाण वासाचा शेंबूड यायचा, खाली वाकलं की कपाळ ठणकायचं. जेवण सुटलं, झोप उडाली, पुस्तक उघडलं की डोळे दुखायचे. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चार दिवस घेऊन जरा बरं वाटलं, तशा तिने बंद केल्या. मग डाव्या डोळ्याची पापणी सुजली. पुंजाराम तिला चिंचेखाली घेऊन गेले.

महाराजांनी डोळ्यामागे किड्यांनी घर केल्याचं सांगितलं. तीन गुरुवार धुरी, आणि दवाखाना पूर्ण बंद. गोळीने किडा आतच मरतो आणि मेंदूत कुजतो म्हणे. धुराने पोरगी गुदमरायला लागली, तेव्हा मान वर येऊ नये म्हणून मंगलाबाईंनीच तिचं डोकं दाबून धरलं. परातीत तेवीस किडे पडले. घरी दाखवायला महाराजांनी ते डबीत घालून दिले. धारा लागल्याने तासभर नाक मोकळं वाटलं आणि पुंजारामांनी देव्हाऱ्यात नारळ फोडला.

दुसऱ्या धुरीनंतर दोन दिवसांनी स्नेहल तापाने फणफणली. डोळा सुजून मिटला होता. पापणी बोटांनी उघडली तर बुबुळ पुढे आलेलं. “आई, तू मला दोन दिसतेस,” ती म्हणाली. पुंजाराम तिसऱ्या गुरुवारची वाट पाहू या म्हणत होते. मंगलाबाईंनी ऐकलं नाही. भाजीच्या टेम्पोत पोरीला घालून त्यांनी नाशिकचा दवाखाना गाठला.

नाक-कान-घशाच्या डॉक्टर साधना यांनी त्याच दुपारी शस्त्रक्रिया केली. मग मंगलाबाईंना बाकावर शेजारी बसवून त्यांनी समजावलं. नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत पोकळ्या असतात, त्यांना सायनस म्हणतात. सर्दी लांबली की त्यांची तोंडं सुजून बंद होतात आणि आत पू साठतो. यातली एक पोकळी आणि डोळा यांच्यामध्ये हाडाचा पडदा असतो, कागदाइतका पातळ. पू त्याच्यापलीकडे गेला आणि त्याने डोळा पुढे ढकलला. आणखी उशीर झाला असता तर नजर गेली असती. पू मेंदूपर्यंत पोचला असता तर पोरगीच गेली असती.

“आणि किडे?” मंगलाबाईंनी विचारलं.

“एकही नव्हता. नाकात अळ्या पडतात कधीकधी, नाही असं नाही. पण त्या वळवळतात. आणि मला दिसल्या असत्या.”

वळवळतात. मंगलाबाईंना आठवलं, परातीतलं काहीच हललं नव्हतं.

कपडे आणायला घरी गेल्यावर त्यांनी ती डबी उघडली. एक किडा नखावर घेतला आणि उजेडात धरला. वीस वर्षं त्या वांग्याचं बी पेरत होत्या. भिजलेलं बी दाबलं की आतून असाच वाकडा पांढरा कोंब निसटतो. बांधावर वांग्याच्याच कुळातली काटेरी रिंगणी माजलेली होती. तिची पिवळी सुकी फळं त्यांनी फोडली, बिया तेलात कालवल्या, पाण्याच्या परातीत विटेवर ठेवलेल्या तापल्या कौलावर टाकून वर मडकं पालथं घातलं. बिया तडतडल्या. मडकं उचललं तर पाण्यावर तेच किडे.

त्या माणसाची किळस आलीच, पण त्याहून जास्त आपल्या हातांची. याच हातांनी त्यांनी पोरीचं नाक त्या भोकावर दाबलं होतं.

पुढच्या गुरुवारी मंगलाबाई परात, वीट, कौल, मडकं, शेगडी आणि रिंगणीच्या बिया घेऊन चिंचेखाली गेल्या. महाराजांसमोर बसल्या, शेगडी पेटवली, कौल तापवून बिया टाकल्या. मडक्याच्या भोकाला कुणाचंच नाक लावलं नाही. सगळ्यांना दिसेल असं मडकं उचललं. पाण्यावर किडे तरंगत होते.

“सांगा महाराज, हे कुणाच्या मेंदूतले?”

महाराजांनी देवाचा कोप होईल, गावावर संकट येईल, असं बरंच काही सुनावलं.

“देवाला मधी घेऊ नका. तुमची औषधी दाखवा सगळ्यांना.”

महाराजांनी पुडी मांडीखाली सरकवली. पुढे बसलेल्या हिरामणने ती ओढून उघडली. तेलकट, चपट्या बिया. हिरामणच्या दाढेतून मागच्याच आठवड्यात आठ किडे निघाले होते. त्याने ती पुडी मागच्या माणसांपुढे धरली. अर्धी गर्दी उठली. उरलेली मात्र बसूनच होती. कोणी म्हणालं, बाईच्या बियांतही महाराजांचीच शक्ती असणार. स्वतःच्या डोळ्यांनी पाहूनही माणूस असं बोलतो, याची मंगलाबाईंना शिसारी आली.

स्नेहलचा डोळा वाचला. मार्चची परीक्षा बुडाली. ती ऑक्टोबरला बसली आणि पास झाली. त्या डोळ्याला लाल रंग अजून फिकाच दिसतो. डॉक्टर म्हणतात, नसेवर ताण आला होता, तेवढं राहील.

त्या गुरुवारी चिंचेखालून निघताना नवसाबाई नावाची एक म्हातारी मंगलाबाईंच्या मागे आली. तिच्या एका डोळ्याची पापणी लाल, सुजलेली होती.

“मला लय भ्या वाटतं दवाखान्याचं,” ती म्हणाली.

“मलाबी वाटायचं,” मंगलाबाई म्हणाल्या. “पण नाकातून घाण येती, कपाळ दुखतंय, त्यात डोळा सुजला, तर धुरी नाय घ्यायची. त्याच दिवशी डॉक्टरकडं जायचं. अन् कुणी डोक्यातला किडा दाखवला, तर पहिलं विचारायचं, हा हलत का नाय?”

मडकं तिथेच ठेवून त्यांनी म्हातारीचा हात धरला आणि दोघी बस थांब्याकडे चालू लागल्या.