भोपळ्याच्या डिपला नऊ गुण

सूनबाईंनी टेबलावर पाच वाट्या मांडल्या, प्रत्येकीवर पुदिन्याचं एकेक पान टेकवलं आणि फोटो काढायला खुर्चीवर चढल्या. सासूबाई हाताची घडी घालून बघत राहिल्या. त्या सॉसच्या कारखान्यात चव घेण्याचं काम करत, म्हणून तिथे त्यांना सगळे चवबाई म्हणत. खायची वस्तू माणसाआधी फोनला दाखवायची, हे त्यांच्या बुद्धीपलीकडचं होतं.

"पानगळ सुरू झाली ना आई, म्हणून रंगही तसेच घेतलेत," सून म्हणाली. "सगळी डिप्स घरीच केलीत."

घरी केलीत म्हणजे काय, तर काहीबाही उकडून मिक्सरमधून फिरवलं. मिक्सरचं बटण माकडही दाबतं, असं चवबाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण मुलानं फोनवर आधीच बजावलं होतं, "मागच्या वेळी ती घरी जाऊन दोन तास रडली. या वेळी तिच्या खाण्याला नावं ठेवलीस, तर आम्ही पुन्हा येणार नाही." एकुलता एक मुलगा, लग्नाला चार महिने झाले नाहीत तोवर धमक्या द्यायला शिकला होता. तरी रविवारी तो आला नाही की घर खायला उठायचं, हेही खरंच होतं. आज तो आला होता, समोरच बसला होता. म्हणून तोंडाला कुलूप.

पहिलं बिटाचं. मातीचा वास तसाच. चवबाईंनी गिळलं आणि "हं" म्हणाल्या. दुसरं काबुली चण्यांचं, इतकं घट्ट की त्यावर वीट बसली असती. "हं." तिसऱ्यात लसूण करपला होता. चौथं म्हणे अक्रोडाचं. अक्रोडांना याची कल्पना नसावी. चारही त्यांनी निमूट गिळली.

कारखान्यात त्या काहीच गिळत नसत. टाकाऊ नमुना नुसत्या वासावर बाजूला सारायच्या. दखल घेण्याजोगा असला तरच चमचा तोंडात जायचा. डोळे मिटून तो घास जिभेवर फिरवायचा, कपात थुंकायचा आणि गुण सांगायचे. गिळत बसलं तर पुढच्या नमुन्याला जीभ उरत नाही. बावीस वर्षं हेच चाललं होतं. घरात हे कधी कुणी विचारलं नाही. आईच्या नोकरीबद्दल मुलाला एवढंच ठाऊक होतं, की तिथे सॉस फुकट मिळतो.

पाचवं भाजलेल्या भोपळ्याचं. तोंड वाकडं होऊ द्यायचं नाही, असं मनाशी ठरवून चवबाईंनी चमचा तोंडात घातला आणि त्या थबकल्या. भोपळा साल काळी पडेपर्यंत भाजलेला, पण कडवटपणाचा मागमूस नाही. मागून लिंबू आलं, त्याच्या मागून मिरचीची धग, अगदी सावकाश. या पोरीला हे जमलं? समोर कोण बसलंय, आज वार कोणता, सगळं त्या विसरल्या. डोळे मिटले, घास जिभेवर फिरवला, हात आपसूक चहाच्या रिकाम्या कपाकडे गेला आणि त्या थुंकल्या.

डोळे उघडले तेव्हा सून कपाकडे बघत होती.

"नऊ," चवबाई म्हणाल्या. "दहापैकी नऊ. मी कुणालाच नऊ देत नाही."

"पुरे झालं, आई." मुलगा उठून उभा राहिला. "थुंकलीस ते थुंकलीस, वर थट्टा तरी करू नकोस."

"अरे, चांगलं असलं तरच मी थुंकते."

आपलंच वाक्य कानांवर पडल्यावर त्यांना कळलं, की यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. मुलगा एका बाजूनं हसला. ते हसू त्याला आईकडूनच मिळालं होतं.

सून रडली नाही. तिनं भोपळ्याची वाटी उचलली, सिंकमध्ये रिकामी केली आणि नळ सोडला.

"हे पुन्हा कधी करणार नाही," ती म्हणाली. मग उरलेल्या चार वाट्यांवर नीट झाकणं लावून तिनं त्या चवबाईंसमोर सरकवल्या. "ही ठेवून जाते, आई. ही तुम्हाला आवडली."