चौथा पुठ्ठा

१९७७ सालचा जुलै होता. यामागाताच्या मैदानावर शाळांच्या बेसबॉल स्पर्धेची पहिली फेरी चालू होती, आणि मैदानाबाहेर उभ्या असलेल्या प्रादेशिक वाहिनीच्या गाडीत तामाए शिबुए घामाने निथळत पुठ्ठे लावत बसली होती. काळ्या पुठ्ठ्यावर पांढऱ्या रंगाने अक्षरं काढायची आणि तो कॅमेऱ्यापुढच्या चौकटीत सरकवायचा, की घरोघरच्या पडद्यावर ती उमटायची. धावा, खेळाडूंची नावं, आणि शेवटी जिंकलेल्या शाळेच्या गीताच्या ओळी.

तामाएची नोकरी दरवर्षी मार्चमध्ये संपायची आणि एप्रिलमध्ये साहेबांच्या मर्जीने पुन्हा सुरू व्हायची. यंदा निर्माते होंमासाहेब म्हणाले होते, "ही स्पर्धा एकही चूक न करता पार पाड. तुला कायम करायचं माझ्याकडे लागलं."

त्या दिवशी उरानो विरुद्ध तोबिता. उरानो ही तामाएची शाळा. अठ्ठावीस वर्षांत त्या शाळेने एकही सामना जिंकला नव्हता. तिच्या गीताचे चार पुठ्ठे तामाएने मोठ्या हौसेने लिहिले होते. ते डब्याबाहेर कधी आलेच नव्हते.

आज मात्र शेवटच्या डावात उरानो तीन-दोनने पुढे होती. तोबिताची पाळी, दोन गडी बाद, एक पोरगा बेसवर. तामाएने उरानोचे पुठ्ठे चौकटीत नेऊन बसवले.

"अजून एक गडी आहे गं," होंमासाहेब म्हणाले.

"आता काय उरलंय, साहेब!" ती म्हणाली. जणू बेसबॉल तिच्या माहेरचाच.

पुढचा चेंडू कुंपणापार गेला. दोन धावा. तोबिता जिंकली.

पोरं रांगेत उभी राहिली, वाकली, आणि लगेच तोबिताचं गीत सुरू झालं. तामाए बाहीने डोळे पुसत होती. सवयीने तिने पुठ्ठे सरकवले. तोबिताची पोरं छाती फुगवून गात होती, आणि त्यांच्या हनुवटीखाली उरानोचं गीत झळकत होतं.

कुणाच्या लक्षात आलं नाही. कसं येणार? त्या मुलखातल्या सगळ्या शाळांच्या गीतांत तोच गास्सान पर्वत, तीच मोगामी नदी, तोच सत्याचा प्रकाश. मात्राही सारख्याच. समालोचक तोगाशी तर गहिवरून म्हणाला, "काय हे शब्द!"

तिसऱ्या पुठ्ठ्याला तामाएचे डोळे कोरडे झाले आणि तिला दिसलं. चौथ्यावर शाळेचं नाव होतं. होंमासाहेब सातूच्या थंड चहात बुडालेले. तो पुठ्ठा लावलाच नसता, तर ओळींची जागा कोरी राहिली असती आणि कुणाला पत्ताही लागला नसता. तिचा हात पुढे झाला. आणि त्या हाताने चौथा लावला.

'चिरंजीव राहो उरानो!'

"अगं ए! हरलेल्यांचं आहे ते!" साहेबांचा चहा विजारीवर सांडला.

मग फोन सुरू झाले. तोबिताचे मुख्याध्यापक ओरडत होते. उरानोचा एक म्हातारा माजी विद्यार्थी फोनवर रडत आभार मानत होता. तो जास्त त्रासदायक होता.

संध्याकाळी साहेब मवाळले. "वर कळवतो, घाबरून तुझे हात गोठले. चालेल ना?"

"तीन चुकून गेले, साहेब. चौथा मी लावला."

"मूर्ख बाई! मी विचारलं होतं का तुला?"

लोकांना पुढे हा प्रामाणिकपणा वाटला. तामाएने कुणाची समजूत खोडून काढली नाही. खरी गोष्ट अशी, की चौथ्या पुठ्ठ्यावरचं अक्षर सगळ्यांत झोकदार उतरलं होतं, आणि त्याचं श्रेय गोठलेल्या हातांना द्यायला ती तयार नव्हती.

एप्रिलमध्ये तिला बोलावणं आलं नाही.

तोबिता पुढच्याच सामन्यात अकरा-शून्यने हरली. तोगाशी मोठा अधिकारी झाला. आपण पहिल्याच पुठ्ठ्याला ओळखलं होतं, असं तो प्रत्येक लग्नात सांगायचा. होंमासाहेबांनी निवृत्तीनंतर चेरीची बाग लावली आणि मरेपर्यंत दर जूनला तामाएला एक पेटी पाठवली, चिठ्ठीशिवाय. उरानोने पुढे दोन सामने जिंकले. मग गावात मुलंच उरली नाहीत आणि शाळा बंद झाली. तामाएने मामीच्या थंड रामेन-शेवयांच्या दुकानाच्या पाट्या रंगवल्या, आणि मामी गेल्यावर दुकानच चालवलं. आता सत्तरी उलटली आहे. पदार्थ संपला तरी ती त्याची पाटी काढत नाही. गिऱ्हाईक कुरकुरलं की म्हणते, "अक्षर तरी बघ ना, बाबा."