तीन सेलची बॅटरी

दिवाळी सरली तशी अख्खी वाडी ऊसतोडीला श्रीगोंद्याकडं निघून गेली. मागं उरली म्हातारी पुष्पावती, आणि दारोदार कुलपं. निघताना लेकानं, अजिनाथनं, तीन सेलची नवी बॅटरी तिच्या हाती दिली आणि बजावलं, "आये, वापर नसला की सेल काढून ठेव. आत राहिले तर पाझरून बॅटरीची माती करत्यात."

गुढीपाडव्याला तो परतला. बॅटरीचं झाकण फिरेना. जोर लावून उघडलं, तर सेल पाझरून आतली स्प्रिंग पार गंजलेली.

"एवढं सांगूनबी काढले न्हाईस?" तो खेकसला.

"रोज वाटायचं, आज कुनीतरी दारात येईल, तोंड बघायला उजेड लागंल," म्हातारी म्हणाली. "एकदाबी लावायची पाळी आली न्हाई, बाबा."