हातभर सरकवलेलं यंत्र

नवं यंत्र नेमकं टेबलाच्या वाटेत उभं होतं, आणि हे बिबियानाने ते बसवलं त्याच दिवशी सांगितलं होतं. पण त्या दिवशी कारखान्यात शहाण्यांची गर्दी होती. कंपनीची दोन पोरं, क्रेनवाला, वीजवाला आणि तिचा मुलगा जोसेबा, ज्याच्या हातात नकाशा आला की त्याला समोर उभी असलेली आई दिसत नाही. "यंत्राचं मागचं दार उघडायला जागा लागते, आई," एवढं बोलून त्याने विषय मिटवला. बिबियानाही गप्प बसली. तेव्हा सप्टेंबर होता आणि सण लांब होता.

आता सण उद्यावर आला होता. उद्या सान एलोय, लोखंड ठोकणाऱ्या आणि कापणाऱ्या सगळ्यांचा संत. स्पेनच्या उत्तरेकडच्या एल्गोइबार गावात नदीच्या या काठाला कारखाने आणि त्या काठालाही कारखानेच, पण उद्या दोन्ही काठांवर एकही यंत्र फिरणार नव्हतं. बिबियानाकडे पुढच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत फळ्यांचं एकच सरळ टेबल लागायचं, लेथच्या आणि मिलिंगच्या यंत्रांमधून. कामगार, त्यांच्या बायका, शेजारचे, हत्यारांना धार लावून देणारे धारवाले, जो येईल तो त्या एका पंगतीत बसायचा. सासऱ्याच्या वेळेपासून हे असंच चालत आलं होतं.

एकदाच टेबल मोडलं होतं. संपाच्या वर्षी माणसं एकमेकांची तोंडं बघायला तयार नव्हती, म्हणून तिच्या नवऱ्याने, फेर्मीनने, दोन टेबलं लावली. ईस्टरच्या आत दुसऱ्या टेबलावरची सगळी माणसं उठून पलीकडच्या काठावर गेली. आरिएता त्यांचा म्होरक्या. कालपर्यंत इथे कापलेल्या लोखंडाच्या कडा घासणारा माणूस तिथे मालक झाला. तेव्हापासून बिबियानापुढे दोन टेबलांचं नाव कुणी काढत नसे.

"मग काय करायचं, वहिनी?" चोमिनने विचारलं. तो फेर्मीनच्या बरोबरीचा, कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस. फेर्मीन जाऊन इतकी वर्षं झाली तरी तिला वहिनीच म्हणायचा.

"काय करायचं म्हणजे? सरकवायचं."

"जोसेबा म्हणालाय, हलवू नका."

"जोसेबा म्हणालाय त्याच्यावर कॉफीचा कप ठेवू नका. जोसेबा म्हणालाय त्याच्याजवळ शिट्टी वाजवू नका. लग्नाच्या बायकोला त्याने कधी एवढं जपलं नाही."

चोमिन हसला आणि यंत्राभोवती एक चक्कर मारून आला. त्याने वाकून पाय बघितले, केबलला ढील आहे का बघितलं, हवेची नळी हाताने ओढून पाहिली. मग टोपी मागे सारली. "हातभर सरकलं की पुरे ना?"

"हातभर पुरे."

दुपारी यंत्र रिकामं होतं. जहाजवाल्यांच्या पंपाची कवचं त्यावर कापली जात होती, आणि त्यातली शेवटची दोन राहिली होती. जोसेबा बिल्बाओला त्याच जहाजवाल्यांना भेटायला गेला होता. संध्याकाळी येऊन तो ती दोन चढवणार, यंत्र माणसाशिवाय चालत राहणार आणि सकाळची चर्चची घंटा वाजायच्या आत काम संपणार, असा बेत होता. परवा पहाटे लॉरी येणार होती. जहाजवाल्यांनी साफ बजावलं होतं की पहिली खेप वेळेवर आली नाही तर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल. यंत्र घेतलं होतं ते याच कामाच्या भरवशावर. काम गेलं असतं तर यंत्र जाणार होतं, आणि यंत्राबरोबर दोन-चार माणसंही.

हे बिबियानाला चांगलं ठाऊक होतं. म्हणूनच तिने चोमिनला सांगितलं, "नीट सरकवा. ओरखडा दिसता कामा नये."

आणि नीटच सरकवलं. या खोऱ्यातल्या माणसांना जड यंत्र हलवायला शिकवावं लागत नाही. चारी कोपऱ्यांना जॅक, खाली रोलर, दोघांच्या हातात पहारी, आणि चोमिन पुढे गुडघ्यावर बसून बोटाने दिशा दाखवतोय. यंत्र नव्या नवरीसारखं हळूच सरकलं. मग पाय टेकवून चोमिनने स्पिरिट लेव्हल लावली आणि बुडबुडा मधोमध येईपर्यंत तो पाना फिरवत राहिला. बिबियानाने फळ्या मागवल्या. दारापासून भिंतीपर्यंत टेबल दोरी धरल्यासारखं सरळ गेलं.

"आता दिसतोय कारखाना," ती म्हणाली.

मग चोमिनने यंत्र चालू केलं. पडदा उजळला आणि लाल झाला. त्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की यंत्र जागेवरून हलल्याचं आढळलं आहे, म्हणून ते बंद ठेवलं आहे, कंपनीशी बोला.

चोमिनने ते दोनदा वाचलं. बिबियानाने चष्मा लावून एकदा वाचलं. बंद करून पुन्हा चालू केलं, तरी पडदा लालच.

"त्याला कळलं कसं?" ती म्हणाली.

"मला काय ठाऊक, वहिनी. मी तर त्याला धक्काही लागू दिला नाही."

कंपनीचा नंबर यंत्राच्या दारावरच चिकटवलेला होता. बिबियानाने फोन लावला. आधी एका बाईच्या आवाजाने एक दाबा, दोन दाबा सुरू केलं. तिने दोन दाबलं, मग चार दाबलं, मग वाजंत्री ऐकली, मग पुन्हा एक दाबा आलं. एवढ्यात खारे मासे भिजत घालायचे राहिले होते ते आठवून तिचा पारा आणखी चढला. शेवटी एक जिवंत मुलगी बोलली.

"यंत्र कुठल्या देशात हलवलं, बाई?"

"कुठला देश? हातभर सरकवलंय. तिथेच आहे. माझ्या डोळ्यांसमोर आहे."

"हे यंत्र युद्धसामग्री बनवण्याच्या कामी येऊ शकतं, म्हणून सरकारला त्याचा ठावठिकाणा लागतो. आत एक नोंदणारं उपकरण असतं. यंत्र हललं की ते कुलूप लावतं."

"पोरी, मी ते कुणाच्या फौजेला विकलं नाही. लेथपासून थोडं लांब केलं."

"हलवण्याचं कारण?"

"टेबल."

"कामाचं टेबल?"

"जेवायचं."

पलीकडे टाइप करण्याचा आवाज थांबला. मग मुलीने विचारलं, "आपण कोण बोलताय?"

"कारखान्याची मालकीण."

"आमच्याकडे मालक म्हणून जोसेबा यांचं नाव आहे. दुसरं कुणाचंच नाही. त्यांनाच बोलावं लागेल."

बिबियानाने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं, जणू त्यानेच थोबाडीत मारली होती. कारखाना मुलाच्या नावावर तिने स्वतः, कुणी न मागता करून दिला होता. वकिलाने दोनदा विचारलं होतं, नक्की ना? त्या दिवशी ती नक्की म्हणाली, आणि आता एक पोरगी तिला तिच्याच छताखाली परकी ठरवत होती.

संध्याकाळी जोसेबा आला. आधी त्याने पडदा पाहिला, मग टेबल पाहिलं, आणि मग त्याने कोट काढलाच नाही.

"आई, मी सांगितलं होतं, हलवायचं नाही."

"का नाही हलवायचं ते सांगितलं होतंस?"

"सांगून तू ऐकलं असतंस?"

"सांगून तर बघायचंस. चारचौघांना बसवून सांगायला काय जीभ झिजली असती? तू नुसतं हे नको, ते नको करत फिरतोस. कशाला कुलूप लागतं आणि कशाला डाग पडतो, माणसाने ओळखायचं कसं?"

जोसेबा फोन घेऊन ऑफिसात गेला आणि काचेमागे येरझारा घालत राहिला. त्याची मान मधूनमधून हलत होती, आणि प्रत्येक वेळी ती नकाराची वाटत होती.

सणाच्या सकाळी कंपनीचा माणूस बिल्बाओहून आला. उनाय नाव त्याचं, बोलायला सज्जन. त्याने यंत्राचे फोटो काढले, नंबराचा फोटो काढला, भिंतीचा काढला. लेव्हल तपासून म्हणाला, "बसवलंय मात्र झकास."

"मग उघड ना," बिबियाना म्हणाली.

"उघडण्याचा आकडा जपानच्या ऑफिसातून येतो, बाई. तिथे आता ऑफिस बंद झालंय. फोटो त्यांनी बघायचे, मग मंजुरी, मग आकडा. उद्या दुपारपर्यंत येईल."

"लॉरी उद्या पहाटे येतेय."

"मी काय करू? माझ्या हातात असतं तर..."

"तुझ्या हातात काय आहे?"

उनायने स्वतःच्या हाताकडे बघितलं. त्यात कॅमेरा होता. तिला त्याची दया आली नाही, पण जेवून जा म्हणाली. आज आलेल्याला उपाशी पाठवायचं नाही, मग तो कितीही बिनकामाचा असो.

दुपारी टेबल भरलं. काळ्या घेवड्याची पातेली आली, हिरव्या रश्श्यातला खारा कॉड मासा आला, सफरचंदाच्या दारूच्या बाटल्या उंचावरून ग्लासांत ओतल्या जाऊ लागल्या. टेबल सरळ होतं, माणसं एका ओळीत होती, आणि बिबियाना ताटातला मासा नुसता उलटसुलट करत होती. पंगतीला लागूनच, बरोबर मध्यावर, ते यंत्र लाल तोंड करून उभं होतं. पाहुणे आधी त्याच्याकडे बघायचे, मग तिच्याकडे, मग ताटात.

आरिएता दरवर्षीसारखा आलाच. हातात बाटली, अंगात नवा स्वेटर, आणि चेहऱ्यावर ते हसू, जे पाहून तिला इतक्या वर्षांनीही हातात पहार घ्यावीशी वाटायची. बातमी पूल ओलांडून कधीच त्याच्याकडे पोचली होती.

"काय मालकीणबाई, यंत्र रुसलं म्हणे?" तो अजून तिला मालकीणबाईच म्हणायचा, आणि नेमकं तेच तिला खुपायचं.

"बस आणि जेव."

"बसतो की. टेबल काय सुरेख लागलंय यंदा."

चोमिनने खाली मान घातली. जोसेबाने काटा ठेवला. तो काय म्हणणार हे बिबियानाला दिसत होतं. सकाळपासून तो तेच गिळत बसला होता. आरिएताकडे तसंच यंत्र होतं, वेगळ्या कंपनीचं, पण पंप कापायला पुरेसं. मदत मागायची तर आजच मागायला हवी होती, आणि आज खोऱ्यात कुणी बटणाला हात लावत नव्हतं. ही रीत कुणी मोडली तर गावभर पहिली बोंब बिबियानाच मारायची. सात-आठ वर्षांपूर्वी पलीकडच्या धारवाल्याने सणाच्या दिवशी दोन ड्रिल घासली, तेव्हा तिने त्याच्या दारात जाऊन त्याला बायकोसमोर धुतलं होतं. तो धारवाला आज याच टेबलावर बसून मासा खात होता.

जोसेबाने तोंड उघडलं. "आरिएता, एक विचारायचं होतं..."

"तू थांब," बिबियाना म्हणाली. मुलाने हात पसरावा आणि आपण मासा वाढत बसावं, हे तिला जमलं नसतं. हलवलं तिने होतं. ती उभी राहिली. "आरिएता, दोन कवचं कापायची आहेत. उद्या पहाटेच्या आत. तुझ्या यंत्रावर."

धारवाल्याने चावणं थांबवलं.

आरिएताने ग्लास खाली ठेवला. "उद्या पहाटेच्या आत म्हणजे आज."

"आज."

"सान एलोयला."

"दिवस मला ठाऊक आहे."

"नाही, मी नीट ऐकलं ना तेवढं बघतोय. सान एलोयच्या दिवशी यंत्र चालवायचं, असं तुम्ही म्हणताय."

"मी म्हणतेय. सगळ्यांनी ऐकलं, तूही ऐकलंस. आता हो किंवा नाही बोल, मासा गार होतोय."

तिला वाटलं, आता तो हसेल आणि नाही म्हणेल. आपणही तसंच केलं असतं, हे तिला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, आणि त्याचाच जास्त राग आला. पण तो खुर्ची मागे सारून उठला.

"जोसेबा, कवचं आणि ती पकडायचं फिक्स्चर घेऊन ये. प्रोग्राम माझ्या पोरीला दे, ती आमच्या यंत्रात बसवेल. कागदांवर मात्र माझ्या कारखान्याचा शिक्का पडणार, आधीच सांगतो. जहाजवाल्यांना कळू दे कुणी कापलं ते."

जोसेबाने आईकडे बघितलं. शिक्का म्हणजे काय हे दोघांनाही कळत होतं. पुढच्या वर्षी जहाजवाले फोन करताना दोन नंबर समोर ठेवणार होते.

"शिक्का मार," बिबियाना म्हणाली.

माणसं उठली. आधी जोसेबा, मग चोमिन, मग ज्यांच्या हातात जोर होता ते सगळे. कवचं हातगाडीवर चढली. बायका आणि म्हातारे तेवढे टेबलाशी राहिले. एका टोकाला कुणीतरी, दुसऱ्या टोकाला कुणीतरी, आणि मध्ये अर्धवट ताटांची लांबच लांब सरळ रांग. बिबियानाने त्या रांगेकडे एकदा बघितलं, एप्रन सोडून खुर्चीवर टाकला आणि गाडीमागोमाग पूल ओलांडला. बंद कारखान्यांच्या दारांत उभी असलेली माणसं बघत होती. कुणी काही विचारलं नाही, तेही तिला सोसवेना.

आरिएताच्या कारखान्यात तिने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. फरशी स्वच्छ होती, तिच्या कारखान्यापेक्षाही, आणि हे आपल्या नजरेत भरलं हेच तिला आवडलं नाही. चोमिनने पहिलं कवच पकडीत बसवून मापाचा काटा लावून तपासलं. आरिएताच्या पोरीने आणि जोसेबाने डोकी एकत्र करून प्रोग्राम पुन्हा पुन्हा वाचला. दोघं भांडले, एक आकडा बदलला, पुन्हा भांडले. शेवटी पोरगी म्हणाली, झालं.

दार सरकून बंद झालं. हिरव्या बटणाजवळ कुणीच गेलं नाही. जोसेबाने खिशात हात घातले. चोमिन टोपी चोळत राहिला.

आरिएता बाजूला झाला आणि हाताने वाट दाखवली. "मालकीणबाई. माझ्या घरातलं कुणी आज हे दाबणार नाही. तुमच्यातलंही कुणी दाबेलसं वाटत नाही."

"तुला बघायचंय ना मला दाबताना?"

"हो," तो म्हणाला. "खोटं कशाला बोलू?"

बिबियानाने हात स्कर्टला पुसला. माशाच्या रश्श्याचा वास अजून बोटांना होता. तिने अंगठा बटणावर ठेवला, चोमिनकडे बघून "लेव्हल नीट आहे ना?" असं उगाच विचारलं, त्याने हो म्हणून मान हलवली, आणि तिने दाबलं. आत पाण्याचा फवारा सुरू झाला आणि पात्याने लोखंडाला हात घातला. त्या एका यंत्राचा आवाज गप्प पडलेल्या खोऱ्यात वरच्या चर्चपर्यंत गेला असणार. ती काचेतून पहिली फेरी पुरी होईपर्यंत बघत उभी राहिली. मग म्हणाली, "खुर्ची आण. काम संपेपर्यंत मी इथून हलत नाही."