बेलभंडारा आधी कुणी उचलायचा?

मी बिरोबाच्या देवळातली भंडाऱ्याची वाटी बोलतेय. सांगलीच्या बाजारात एका तांबटानं मला ठोकून घडवलं आणि कुणाच्या तरी नवसापोटी मी आटपाडीकडच्या या गावात आले. भक्तांच्या कपाळाची हळद सांभाळायची, एवढंच माझं काम.

मानसिंग सरपंचानं मला त्यातून उठवलं. निवडणूक आली की मला घेऊन तो घरोघर फिरायचा. "उचल बेलभंडारा. म्हण, मत मानसिंगालाच." सरकारनं मत गुप्त ठेवलं होतं, यानं देवाच्या धाकानं ते उघडं पाडलं. माझा जीव जळायचा, पण वाटीला कोण विचारतो?

दुष्काळाच्या आदल्या साली तो निवडून आला, पण शपथा घेतलेल्यांपेक्षा एक मत कमी भरलं. महिन्याभरात शपथ घेतलेल्यांतला अर्जुना साप चावून मेला. मानसिंगानं पारावर सांगून टाकलं, "त्योच बेइमान! बिरोबानं न्याय केला." झालं! अर्जुनाची बायको साळूबाई पाणवठ्यावर आली की बाया घागरी उचलून बाजूला व्हायच्या. तेव्हापासून मी डूख धरून होते.

पुढची निवडणूक आणीबाणी उठल्यावर आली. मानसिंग मला घेऊन तिच्याच दारात गेला. मागं निम्मं गाव.

"उचल साळूबाई. नवऱ्यागत करू नगंस."

"आवं सरपंच, माझ्या धन्यानं मत कुणाला दिलं ते मला बी ठावं न्हाई. मग सापाला कुणी सांगितलं?" ती म्हणाली. "उचलते की. पर आदी तुमी उचला. म्हणा, दुष्काळात पोरांसाठी आलेली सुकडी म्या इकली न्हाई."

मानसिंगाचा हात माझ्यापाशी आला आणि थांबला. तोही बिरोबाला भिणाराच, तिथंच घोडं पेंड खात होतं! घाल हात, घाल एकदा, मी मनात म्हणत होते. घाम पुसत तो म्हणाला, "इलेक्शनमदी द्येव कशाला आणायचा?"

"मग वाटी देवळात ठिवा. आन् समद्यांम्होरं म्हणा, अर्जुना बेइमान नव्हता."

तो पुटपुटला. म्हातारा तात्याबा मागून ओरडला, "ऐकू आलं न्हाई!" त्याला पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. साळूबाईनं तेव्हा कुठं पदर डोळ्यांना लावला.

निवडणुकीत मानसिंग दणकून पडला. देवाच्या वस्तूनं डूख धरू नये म्हणतात. मी धरला, आणि मला त्याची लाज नाही.

आता मी बिरोबापुढंच असते. भंडारा लावायला खुशाल या. मानसिंग येतो, त्यालाही देते. पण मतांसाठी मला पुन्हा उंबऱ्याबाहेर काढलंत, तर पहिली शपथ उमेदवाराची. विचारायला साळूबाई अजून जिवंत आहे.